बोलणाऱ्याची खुर्ची

देवाशी फोटोग्राफरचा संबंध लग्नांपुरताच यायचा, आणि तिथेही त्याचं अर्धं लक्ष जेवणाकडे असायचं. त्यामुळे चर्चच्या पाळकांनी त्याला शहराच्या मुख्य चौकात बोलावलं, तेव्हा त्याने फक्त ऊन कुठल्या बाजूने येतं तेवढं विचारलं.

चौकाच्या चारी बाजूंना बँका आणि कपड्यांची दुकानं. मधोमध पाळकांनी समोरासमोर दोन खुर्च्या मांडून फलक लावला होता: 'बसा. बोला. आम्ही ऐकतो. उपदेश नाही.' लोक फलक वाचायचे, फोन काढून कानाला लावायचे आणि उगाच हॅलो हॅलो करत सटकायचे.

"आज फोटो हवाच," पाळक म्हणाले. "वरच्या कमिटीला पाठवायचाय. माणसं येतात हे दिसलं नाही, तर हा उपक्रम बंद आणि माझी बदली. तीही पार लेकीच्या गावाला." हे त्यांनी काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यासारखं सांगितलं. त्यांची बायको टेबलाशी पाण्याचे ग्लास पुसत होती. सकाळपासून एकही ग्लास उष्टा झाला नव्हता.

फोटोग्राफरला अशा अडचणींची सवय होती. लग्नात नवऱ्यामुलाकडची माणसं कमी पडली की तो वाढप्यांना कोट चढवून फोटोत उभं करायचा.

"बाई, तुम्हीच बसा," तो म्हणाला. "पाठ माझ्याकडे करा, म्हणजे कोण आहे ते कुणाला कळायचं नाही. काहीही बोला, फक्त मान हलली पाहिजे."

हे खोटं होईल, असं पाळक पुटपुटले. मग त्यांनी स्वतःच खुर्ची उजेडात सरकवली.

पाळकांनी ऐकण्याचा चेहरा केला. भुवया वर, मान तिरकी. फोटोग्राफरने दोन-चार फोटो काढले, पण सगळ्यांत त्यांची दाढ दुखतेय असंच वाटत होतं.

मग बाई बोलल्या. "इथे कोणी येऊ नये, अशी मी रोज प्रार्थना करते. लेकीला पुन्हा दिवस गेलेत. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी इथे तुमच्या पाहुण्यांना चहा देत होते. अख्ख्या शहराचं ऐकायला बसता तुम्ही. मला कधी विचारलंत?"

पाळकांची मान सरळ झाली, तोंड किंचित उघडं राहिलं. फोटोग्राफरने बटण दाबलं. असा फोटो त्याला वर्षानुवर्षं मिळाला नव्हता. त्याला लाज वाटली, पण फोटो काही त्याने पुसला नाही.

"झालं काम, पाळकसाहेब," तो म्हणाला. "हा बघितल्यावर कमिटी कसला उपक्रम बंद करतेय."

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस येऊन उभा राहिला. "रांग इथूनच का?" त्याच्यामागे आणखी दोघी येऊन थांबल्या. काय मिळतंय हे त्यांनी विचारलंही नाही.

फोटोग्राफरने घाईघाईने कॅमेरा उचलला. बाईंनी रांगेकडे पाहिलं आणि त्या उठल्या. "आली तुमची माणसं," त्या म्हणाल्या.

"तू बस," पाळक तिला म्हणाले. मग रांगेकडे वळले. "आज बंद आहे." आणि फोटोग्राफरला म्हणाले, "कॅमेरा ठेवा. कोणी आलं नाही, असं मी कमिटीला कळवतो."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पहिल्या बाळंतपणात तिच्याजवळ कोण होतं गं?"

"शेजारीण," बाई म्हणाल्या, आणि परत खुर्चीत बसल्या.