ओरडून न सांगता येणारी गोष्ट

रविवारी दुपारी मुलगा, सून आणि नात जेवायला यायची. टेबलाभोवती पाच माणसं असायची, पण गप्पा चौघांच्याच चालायच्या. पाचवा माणूस टेबलाच्या टोकाला बसून ताटात बघत जेवायचा.

त्या रविवारी नातीनं शाळेतला कसलासा किस्सा सांगितला. सुनेला हसता हसता ठसका लागला. मुलानं तिच्या पाठीवर थोपटलं. टोकाला बसलेला माणूसही हसला, पण जरा उशिरानं, सगळ्यांचे चेहरे बघून.

"काय म्हणाली गं ती?" त्यानं बायकोला विचारलं.

"काही नाही हो. शाळेतलं."

"सांग ना."

"अहो, तिच्या बाई आहेत ना..." बायकोनं आवाज चढवला.

"कोणाची आई?"

"आई नाही, बाई! बाई!"

"कुठली बाई?"

"जाऊ दे. काही नाही. जेवा तुम्ही, गार होतंय."

आणि तो जेवला.

असा प्रसंग तुमच्याआमच्या घरात रोज घडतो. एखादे आजोबा, एखादी आत्या, एखादे काका असे टोकाला बसलेले असतात. 'जाऊ दे' म्हणताना आपल्या मनात काही वाईट नसतं. समोरची वाफाळती भाजी आणि रंगात आलेल्या गप्पा, दोन्ही गार होऊ नयेत एवढंच आपल्याला वाटत असतं. पण ज्याला 'जाऊ दे' म्हटलं जातं, तो माणूस हळूहळू खरंच कुठेतरी जात असतो.

या घरातला माणूस साधासुधा नव्हता. सगळं शहर त्याला चॅम्पियन म्हणायचं. भाजीवाला म्हणायचा, बँकेतला कारकून म्हणायचा, लिफ्टमध्ये भेटणारी मुलं म्हणायची. मोटारींच्या शर्यतींत तो तीनदा देशाचा विजेता झाला होता. बाप टॅक्सी चालवायचा. त्या टॅक्सीचं जुनं इंजिन बसवलेल्या, एक दार दोरीनं बांधलेल्या गाडीतून पोरानं घाटातली पहिली शर्यत मारली. मग मोठ्या संघाचं बोलावणं आलं. भिंतीभिंतीवर त्याचे फोटो लागले. न्हाव्यांच्या दुकानात पोरं त्याच्यासारखे केस कापून मागायची.

त्याची खरी ताकद हातांत होती असं लोक म्हणत. मेकॅनिक मात्र म्हणत, ती कानांत आहे. बॉनेट न उघडता, नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, कुठला नट सैल आहे, कुठला पट्टा थकलाय. त्या काळी बाकीचे ड्रायव्हर कानात बोळे घालून बसत. हा ते फेकून द्यायचा. "कान बंद केले तर गाडी माझ्याशी बोलणार कशी?" म्हणायचा. पुढे पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेतून, ड्रायव्हरशी बोलायला रेडिओ आले, तेव्हा यानं आवाज शेवटपर्यंत पिळून ठेवला. गाडी बोलत राहिली, आणि तिच्या त्या बोलण्यानंच त्याचे कान खाल्ले.

शर्यती सुटल्यावर काही वर्षं तो टीव्हीवर शर्यतींचं वर्णन करायचा. एक दिवस तेही सोडलं. "कंटाळा आला," असं त्यानं घरी सांगितलं. खरं कारण असं होतं की शेजारी बसलेल्या निवेदकानं विचारलेला प्रश्न त्याला कळला नव्हता. तो भलतंच उत्तर देऊन बसला होता आणि स्टुडिओतली माणसं गालातल्या गालात हसली होती. मग मित्रांच्या बैठका सुटल्या. फोन वाजला की तो "तूच बोल" म्हणून बायकोकडे द्यायचा. बँकेत, दवाखान्यात, दुकानात बायको दोन पावलं पुढे असायची. लोक तिच्याशी बोलायचे आणि ती त्याच्याकडे वळून मोठ्यानं सांगायची. दोघं रस्त्यानं चालली की भांडत चालल्यासारखी वाटायची.

"एकदा कान तपासून घेऊ या," मुलगा म्हणायचा.

"माझ्या कानांना काही झालेलं नाही! तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटता."

आणि विषय तिथेच संपायचा.

मग ती दुपार आली. कुठल्याशा परदेशी शर्यतीचं प्रक्षेपण चालू होतं. टीव्हीचा आवाज इतका होता की कपाटातल्या ढाली थरथरत होत्या. बायको कपडे भिजवायला न्हाणीघरात गेली आणि साबणाच्या पाण्यावरून तिचा पाय सटकला. ती कमरेवर आपटली. उठायला गेली तर पाय हलेना. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. मग नुसत्याच हाका मारत राहिली.

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं त्या ऐकल्या. ती धावत वर आली. तिनं बेल वाजवली, दार बडवलं, पण आतून शर्यतीचाच आवाज येत होता. शेवटी तिनं फोन लावला. टेबलावरच्या फोनचा पडदा उजळला, म्हणून चॅम्पियनचं लक्ष गेलं. त्यानं दार उघडलं, तर शेजारीण त्याला बाजूला ढकलून थेट न्हाणीघराकडे पळाली. ही बाई अशी काय घरात शिरते, म्हणून तो चिडून तिच्या मागे गेला.

बायको भिंतीला डोकं टेकून पडली होती. हाका मारून मारून तिचा घसा बसला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं.

इस्पितळात स्ट्रेचरशेजारी नर्स आली. तिच्या तोंडावर मास्क होता. "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का पेशंटला?" तिनं चॅम्पियनला विचारलं.

मास्कमुळे ओठ दिसेनात. काहीतरी धीराचं बोलत असेल, असं समजून त्यानं मान हलवली. "नाही नाही, ठीक आहे. तुम्ही करा काय ते."

नर्स लिहायला लागली, तेवढ्यात स्ट्रेचरवरून बायकोनं तिचा हात धरला. वेदनेनं तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "मला विचारा. मला पेनिसिलिन चालत नाही. त्यांना... त्यांना ऐकू येत नाही."

हे शब्द चॅम्पियनच्या कानावर पडले नाहीत. पण बायकोचे ओठ त्याला वाचता येत होते. इतक्या वर्षांत तिनं चारचौघांत हे कधी म्हटलं नव्हतं. लोकांपुढे ती नेहमी म्हणायची, "त्यांचं लक्ष नव्हतं." आज तिनं झाकलेलं उघडं केलं, आणि तेही जीवावर बेतलं म्हणून.

बायकोला आत नेलं. चॅम्पियन बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आजूबाजूला माणसं बोलत होती, चाकांच्या खुर्च्या फिरत होत्या, भिंतीवरच्या कर्ण्यातून कोणाकोणाची नावं पुकारत होते. त्याच्यापर्यंत पोचत होती ती फक्त एक बारीक, न थांबणारी शिट्टी, त्याच्या स्वतःच्याच डोक्यातली. मुलगा आला, डॉक्टरांशी बोलला, सह्या केल्या. बापाजवळ येऊन त्यानं काहीतरी सांगितलं, मग अंगठा वर करून दाखवला आणि पुन्हा निघून गेला. तान्ह्या पोराला खुणेनं समजवावं तसा!

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी त्याच बाकावर त्याच्यासमोर एक खुर्ची ओढून कोणीतरी बसलं. चॅम्पियननं मान वर केली. समोर 'दोन नंबर' होता.

हा त्याचा ट्रॅकवरचा जुना प्रतिस्पर्धी. इतक्या वेळा दुसरा आला की सगळे त्याला दोन नंबर म्हणायला लागले. तोही हसून सांगायचा, "दोन नंबरचा धंदा करून उजळ माथ्यानं फिरणारा मी एकटाच!" मुलानंच त्याला कळवलं होतं.

"वहिनी बऱ्या आहेत. आत्ताच बघून आलो," दोन नंबर म्हणाला.

चॅम्पियनला नवल वाटलं. सगळं कळलं होतं! हा माणूस ओरडत नव्हता. तोंडावर हात नव्हता, मान इकडेतिकडे फिरत नव्हती. समोर बसून तो सावकाश, स्वच्छ बोलत होता. मग चॅम्पियनला दिसलं. दोन नंबरच्या दोन्ही कानांमागे दोन छोटी यंत्रं होती.

"हे कधी?" त्यानं बोट दाखवलं.

"झाली की चार-पाच वर्षं. आपल्या पिढीतले निम्मे ड्रायव्हर बहिरे आहेत बाबा. कोण सांगतं, कोण सांगत नाही. तू का नाही लावत?"

"मला गरज नाही."

"काल कळली की गरज."

चॅम्पियनचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील? चॅम्पियन संपला म्हणतील."

"लोक आत्ता काय म्हणतात ते तुला ऐकू येत नाही, म्हणून बरं चाललंय! लोक म्हणतात, चॅम्पियनला माज आलाय. हाक मारली तर ओ देत नाही. गेल्या वर्षी एका लग्नात मी तुला मागून दोनदा हाक मारली. तू वळला नाहीस. मीही घरी जाऊन शिव्या घातल्या तुला. बायको म्हणाली, अहो, त्यांनाही तुमच्यासारखंच झालं नसेल कशावरून? तेव्हा माझी ट्यूब पेटली."

"पण कानात ते यंत्र घालून..."

"अरे, तू उभा जन्म कानात यंत्र घालूनच जिंकलास की!" दोन नंबरचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रेडिओ काय होता मग? ती शेवटची शर्यत आठवते? पाऊस आला. तुझ्या कानात तुझा इंजिनियर म्हणाला, आत ये, टायर बदल. तू आत गेलास. मी तसाच पळत राहिलो आणि वळणावर गाडी घसरली. सगळे म्हणाले, दोन नंबरनं नको ती हिंमत केली. हिंमत कसली! माझा रेडिओ बंद पडला होता. पिटमधली माणसं घसा फोडून ओरडत होती, आणि मला काही कळत नव्हतं."

चॅम्पियन पुढे वाकला. "हे कधी बोलला नाहीस?"

"सबब वाटली असती. पण आज सांगतो. त्या दिवशी तुझ्या-माझ्यात फरक फक्त एका आवाजाचा होता. तेव्हा परक्या माणसाचं ऐकायला कानात यंत्र घालायची तुला लाज वाटली नाही. आता घरच्या माणसाचं ऐकायला लाज वाटते? डोळ्यांवर चष्मा आहे तुझ्या. तो लावताना संपलास का तू?"

चॅम्पियननं नकळत नाकावरच्या चष्म्याला हात लावला. खरंच की! चष्मा लावणारा माणूस हुशार दिसतो, आणि कानाला यंत्र लावलं की लोक मोठमोठ्यानं बोलून त्याला खुळ्यात काढतात. हा न्याय कोणी ठरवला? आणि आपण तो निमूट मान्य का केला?

"तुझे कान कोणीतरी टोचायलाच हवे होते," दोन नंबर उठत म्हणाला. "मी आपला नुसता दोन नंबरचा सोनार."

बऱ्याच दिवसांनी चॅम्पियन वेळेवर हसला.

कानांची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसून, आवाज आला की बटण दाबायचं होतं. कितीतरी वेळ त्याचं बोट नुसतंच बटणावर राहिलं. तपासणारी मुलगी म्हणाली, "उशीर केलात काका. गेलेलं सगळं परत येणार नाही. पण पुष्कळ येईल."

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. नळाचं पाणी धबधब्यासारखं कोसळायचं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कानात काहीतरी फाटल्यासारखं व्हायचं. दोनदा त्यानं ती यंत्रं काढून ड्रॉवरमध्ये टाकली. दोन्ही वेळा पुन्हा काढून लावली.

बायको घरी आली. खाटेवर पडून असायची. एका दुपारी त्यानं टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. तू पहिल्यासारखी बोलतच नाहीस."

तिनं मान त्याच्याकडे वळवली. मग अगदी हळू, पूर्वी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "तुम्ही मला ओरडून बोलायची सवय लावलीत. भाजी आणा, बिल भरा, हे ओरडून सांगता येतं. पण मला एकटं वाटतं, मला भीती वाटते, हे ओरडून कसं सांगायचं हो? तीनदा ओरडलं की त्यातला जीवच जातो. म्हणून मग सोडून दिलं."

तो ऐकत होता. एकेक शब्द स्पष्ट येत होता.

"त्या दिवशी मी आत पडले होते ना," ती पुढे म्हणाली, "तेव्हा तुम्ही पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलात. दाराबाहेरून तुमच्या चपलांचा आवाज आला. मला वाटलं, सुटले! मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. चपला तशाच पुढे गेल्या. मग परत आल्या, आणि पुन्हा गेल्या."

चॅम्पियननं खुर्ची आणखी जवळ ओढली. इतक्या वर्षांनी बायकोचं पहिलं सगळंच्या सगळं बोलणं ऐकू आलं, ते हे होतं! त्याला वाटलं होतं, या घरात एकटा पडलोय तो मीच. पण भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस एकटं पडलं होतं. आणि ती भिंत बांधली होती त्याच्या खोट्या अभिमानानं!

"चुकलो मी," तो म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता. तिलाही तो ऐकू आला.

काही महिन्यांनी शिकाऊ ड्रायव्हरांच्या शर्यतीला त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. भाषण असं त्यानं केलंच नाही. कानामागचं यंत्र काढून तळहातावर धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. "पोरांनो, कानात बोळे घाला. मी घातले नाहीत, त्याची ही शिक्षा. आणि ज्यांना माझ्यासारखं कमी ऐकू येतं, त्यांनी ते लपवू नये. ऐकू न येणं हा दोष नाही. ते लपवणं हा मात्र आपल्या माणसांवर अन्याय आहे."

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी बाई आपल्या मुलाचा हात धरून त्याच्याकडे आली. "ते कुठे मिळतं हो?" तिनं एवढ्या मोठ्यानं विचारलं की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

मुलगा ओशाळला. "आई, हळू. जाऊ दे, आपण नंतर बघू."

"जाऊ दे नाही," चॅम्पियन त्याला म्हणाला. त्यानं दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. एका खुर्चीवर त्या बाईंना बसवलं, दुसरीवर स्वतः बसला, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत सावकाश बोलायला लागला. बाहेर गाड्या ट्रॅकवरून परत निघाल्या होत्या, फोटोवाले ताटकळत उभे होते. तो उठला नाही.

वाचकहो, आपल्या घरातही कोणीतरी असं टोकाला बसलेलं असेल. त्यांच्यावर ओरडू नका आणि त्यांना 'जाऊ दे' म्हणून सोडूही नका. समोर बसा आणि पुन्हा एकदा सांगा. त्याला चार क्षण जास्त लागतील, एवढंच. आणि ते टोकाला बसलेले आपण स्वतः असू, तर लाज सोडून कान दाखवून या. आपल्याला हाक मारणारं माणूस अजून हाक मारतंय, तोवरच!