फाट्यावरचा दगड

जर्मन उतरले तर त्यांना वाट सापडू नये, म्हणून लढाईत गावाने फाट्यावरचा दगड उपटला आणि गावातल्या मॉडच्या बटाट्याच्या वाफ्यात पुरला. गावाकडे बोट दाखवणारा कोरीव हात होता त्यावर. इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या त्या सपाट मुलखात दुसरी खूण तरी कुठली? एल्मची उंच झाडंसुद्धा लढाईने खाल्ली, विमानांच्या तळासाठी. कालच दगड पुन्हा उभा राहिला, तेव्हा मॉडच्या जिवात जीव आला.

कारण आज तिचा मुलगा विल्फ येणार होता. डोळे इटलीत लढताना गमावलेला. त्याने बजावलं होतं, बसमधून उतरून मी एकटा चालत येईन. कुणी घ्यायला आलात तर तिथूनच परत फिरेन आणि शहरात आंधळ्यांच्या आश्रमात कायमचा राहीन. दगड चाचपला की वाट कळेल, एवढाच त्याचा भरवसा.

आणि दुपारी दगड बसवणारा म्हातारा एनॉस पाइप ओढत सांगतो काय, "मी तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला बसवला बघ. तिथे माती मऊ होती."

"अरे मेल्या! मग हात उलटा, विमानांच्या तळाकडे दाखवतोय की!"

दोघं धावत सुटली, पण विल्फ आधीच पोचला होता. मे महिन्याचं ऊन, पांढरीशुभ्र फुललेली कुंपणं, दूर कुठेतरी कोकीळ. सगळं झोपेत दिसावं तसं. तो गुडघ्यांवर बसून दगडी बोटं चाचपत होता. हाक मॉडच्या अगदी ओठांवर आली. तिने एप्रनचा बोळा तोंडात कोंबला.

विल्फ उठला आणि चुकीच्याच वाटेला लागला. चार पावलांवर काठी टक्क वाजली. लढाईत विमानांसाठी ओतलेलं सिमेंट. तो थबकला. चेहरा इकडेतिकडे फिरवून ऊन कुठल्या गालाला लागतं ते त्याने पाहिलं, हसला, आणि सावकाश गावच्या मातीच्या वाटेकडे वळला.

एनॉसला खोकला, म्हणून मॉडने त्याला तिथेच बसवलं. स्वतः बूट हातात घेऊन ती गवतातून मागे मागे चालली. रडत होती, पण आवाज नाही.

घराचं फाटक विल्फने उघडलं, आणि लावलं नाही. धरून उभा राहिला.

"ये आई. आणि बूट घाल आधी, पायाला काटे लागतील."

"कधी कळलं रे तुला?"

"दगडापाशीच. धावत आलेले तुझे बूट ऐकले, आणि एनॉसकाकाच्या त्या घाणेरड्या पाइपचा वास लपतो होय! वाट बघत होतो, तू हाक मारतेस का."

"मारली असती तर?"

"परत गेलो असतो," विल्फ म्हणाला. "चल, चहा टाक."