तीनशे झोपलेली माणसं आणि एक कपाट

पैज सासूबाईंनीच लावली होती. "रविवारी अकराच्या आत एक पुस्तक पुरं करून दाखव, मग कपाट राहील. नाहीतर शेजारचे शिंपीदादा कापडाची ठाणं ठेवायला मागतायत, त्यांना देऊन टाकू. उगाच भिंत अडवून बसलंय."

पुस्तकांचं ते कपाट सुनेच्या माहेरचं खरं, पण त्यात आता चादरी, औषधांचे डबे आणि इस्त्री होती. लग्नाआधी आठवड्याला तीन पुस्तकांचा फडशा पाडणाऱ्या या बाईने गेल्या नऊ वर्षांत एकही पुस्तक शेवटापर्यंत नेलं नव्हतं. विसाव्या पानाशी डोळा लागायचा, नाहीतर हात फोनकडे जायचा. कपाटाबरोबर आपल्यातली ती वाचणारी मुलगीही हातगाडीवर चढून निघून जाईल, या भीतीने तिने दुसऱ्याच दिवशी वाचनालय गाठलं. नवरा पैज ऐकताच पिशवी घेऊन भाजीला निघून गेला होता. शहाणा माणूस.

ती एका शीतगृहात मेकॅनिक होती. कामावर सगळे तिला ताई म्हणत. वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी तिच्यापुढे एका लेखिकेची दीडशे पानांची विज्ञान कादंबरी ठेवली, तेव्हा ताईने नाक मुरडलं.

"मला नकोत बाई ते हिरवे परग्रहवाले."

"एकही नाहीये यात. एक यान आहे, तीनशे माणसं गारठवून झोपवलीयत, आणि त्यांचं कूलिंग बिघडलंय."

ताईचा हात आपोआप पुढे झाला. "काय बिघडलंय?"

"ते मला काय कळणार? वाचा की!"

पहिले दोन दिवस पुन्हा तेच रडगाणं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन सरळ वजा अठरा अंशांच्या खोलीत मटारच्या पोत्यावर ठेवला आणि कंप्रेसरशेजारच्या बाकावर पुस्तक उघडून बसली. थंडीने फोनने मान टाकली, हे तिला संध्याकाळी कळलं. तोवर ती पंचावन्नाव्या पानावर होती आणि यानाच्या कप्तानावर भयंकर चिडली होती.

झोपलेल्या माणसांच्या दालनात तापमान चढत होतं, म्हणून हा शहाणा कूलिंग वाढवत सुटला होता. वाढवावं तितकं तापमान आणखी वर. "अरे गाढवा, कॉइलवर बर्फ चढलाय!" ताई एकटीच ओरडली. हे दुखणं तिच्या रोजच्या ओळखीचं. थंडी देणाऱ्या नळ्यांवर बर्फाचा थर बसला की हवा पलीकडे जातच नाही. मशीन धावत राहतं आणि खोली तापत जाते. अशा वेळी कूलिंग चक्क बंद करायचं, बर्फ वितळू द्यायचा, मग पुन्हा चालू. पण तीनशे जीव टांगणीला लागलेले असताना बंद करायची छाती कुणाची? यानावरच्या एका ज्युनिअर मेकॅनिक पोरीला शंका आली होती, पण तिचं ऐकतो कोण? ताईला हेही नवीन नव्हतं.

मग मात्र तिला पुस्तक सोडवेना. बसच्या रांगेत वाचलं, न्हाणीघराबाहेर उभं राहून वाचलं. शनिवारी तिच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं.

"पैज राहू दे," सासूबाई म्हणाल्या, "आधी घर पेटवू नकोस."

रविवारी अकराच्या ठोक्याला शिंपीदादा हातगाडी घेऊन हजर. बारा पानं उरली होती.

"वेळ संपली," सासूबाई म्हणाल्या.

"बाराच पानं आहेत, आई. मोठ्याने वाचते. तेवढं ऐका आणि मग खुशाल न्या."

शिंपीदादा दाराशी स्टुलावर टेकले. ताईने दोन वाक्यांत यानाचं दुखणं सांगितलं आणि वाचायला लागली. कप्तान हात टेकून बसला होता. त्या पोरीने त्याला बाजूला सारलं आणि कूलिंगच्या मुख्य बटणावर हात ठेवला.

"बंद करते की काय ही?" सासूबाई ताडकन उठल्या. "अगं, मरतील की सगळे!"

"नाही मरणार."

"पुढचं वाचून ठेवलंयस वाटतं?"

"नाही. पण मला माहीत आहे."

तिने पान उलटलं. बटण बंद झालं. आकडा चढत राहिला. शिंपीदादांनी गळ्यातली टेप मुठीत आवळली. मग नळ्यांवरचा बर्फ ठिबकायला लागला, थरच्या थर सुटले, मशीन पुन्हा सुरू झालं. आकडा थांबला आणि खाली येऊ लागला.

"म्हटलं नव्हतं मी!" ताई खुर्चीवरून उडालीच. शेवटचं पान तिने उभ्यानेच वाचलं. तीनशेच्या तीनशे माणसं जिवंत होती, आणि नऊ वर्षांनी तिने एक पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत नेलं होतं. इतका आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता. डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत.

शिंपीदादांनी घसा खाकरला. "मग, उचलू ना कपाट? साडेअकरा होऊन गेले."

"खबरदार हात लावलात तर!" सासूबाई कपाटासमोर आडव्या उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेच्या माहेरचं आहे ते."

त्यांनी वरच्या कप्प्यातल्या चादरी भराभर ओढून काढल्या आणि शिंपीदादांच्या हातात कोंबल्या. मग सुनेकडे वळल्या.

"हे लिहिणारीचं आणखी काही असेल का गं तिथे? किती वाजता बंद होतं तुझं वाचनालय?"

"बाराला."

"मग उभी काय राहिलीस? पळ! स्वयंपाकाचं मी बघते."