लायमनच्या झाडाची शेवटची सफरचंदं

मी आयुष्यभर थापा मारल्या आणि एकीचीही लाज वाटून घेतली नाही. आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात मी एका अस्वलाला सफरचंदांचा चरक फिरवायला शिकवलं होतं. मजुरीत ते फक्त चोथा घ्यायचं, आणि रविवारची सुट्टी. कुणी शंका काढली तर मी त्या अस्वलाच्या बायकोचं नावही सांगतो. पण पुढचं सगळं खरं आहे, म्हणूनच सांगताना जीभ अडखळते.

शेजारच्या अल्मेडाच्या अंगणात तिच्या नवऱ्याने, लायमनने, लावलेलं झाड होतं. लायमन गेला, आणि दोन वर्षांनी सप्टेंबरच्या वादळात झाडही मुळासकट आडवं झालं. शेवटची सहा पोती सफरचंदं निघाली. अल्मेडाचा उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणाली, "ऑरिन, चर्चच्या जेवणाचा सायडर, सफरचंदांचा रस, यंदा तूच कर. पण अढी रोज चाळ हं. लायमन रोज चाळायचा."

"मला शिकवतेस, अल्मेडा?"

पिळण्याआधी फळं पंधरा दिवस अढीत घालायची, म्हणजे रस गोड होतो. रोज चाळून नासकं तेवढं बाजूला काढायचं, एवढंच काम. मी मात्र रोज दुकानाच्या ओट्यावर अस्वल नाचवत बसलो. सोळाव्या दिवशी माझ्या कोठाराचं दार उघडलं, तर तपकिरी चिखल आणि त्यावर गांधीलमाशा.

सगळं गोठ्यामागे फेकलं. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून दोन गावं ओलांडून दुकानातला बाटलीबंद रस आणला. तो काचेसारखा नितळ, आणि आमची माणसं पेल्याच्या तळाशी आधी साका बघतात. म्हणून त्यात शिजवलेल्या सफरचंदांचा गर घोटला. दालचिनी, लवंगा, जायफळ, संत्र्याची साल, हात सैल सोडून घातलं. वास असा सुटला की मलाच क्षणभर खरं वाटलं.

चर्चच्या दालनात पोस्टातला हायरम ओरडला, "काय रे म्हाताऱ्या, चरक फिरवण्याआधी अस्वलाने पंजे धुतले होते ना?"

"साबण लावून!" मी म्हणालो. सगळे हसले.

अल्मेडाने डाव्या हाताने पेला उचलला, घोट घेतला आणि डोळे मिटले. "अगदी त्याच्याच हातचा," ती पुटपुटली. "एक बाटली मला ठेव, ऑरिन. नाताळात लेक येईल. बापाच्या झाडाचा शेवटचा घोट तिलाही मिळू दे."

मी हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"अल्मेडा, हा दुकानातला रस आहे. तुझी सफरचंदं मी नासवली."

दालन हसून लोटपोट झालं. "ही तर अस्वलाच्याही वरताण!" हायरमने टेबल बडवलं. "पुढे सांग, पुढे सांग!"

हसली नाही ती फक्त अल्मेडा. पेला खाली ठेवत म्हणाली, "कुठे फेकलीस?"

"गोठ्यामागे."

"चल, दाखव."

गोठ्यामागे पोचताच तिने त्या घाणीत डावा हात कोपरापर्यंत घातला. बराच वेळ चाचपून चार धड फळं काढली, स्कर्टला पुसली आणि कोटाच्या खिशात टाकली. मी मदतीला वाकलो.

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली.

मी ताठ उभा राहिलो. ती पाचवं शोधत होती.