नैवेद्याची पुडी

दोघींना सोडून विमान पाण्यावरून उठलं, डोंगराआड गेलं, आणि उल्कामावशी तिकडे बघतच राहिल्या. अलास्काच्या पार उत्तरेचं हे तळं. रस्ता नाही, घर नाही, झाड म्हणावं तर गुडघ्याएवढी झुडपं. विमान येणार ते उद्या.

"तुला शांत जागा हवी होती ना, मावशी? एन्जॉय!" प्रीता हसली. भाची फ्रीमाँट शहरातली, पण रानात माहेरी आल्यासारखी वावरायची. तिचा नियम एकच. वास येणारी प्रत्येक गोष्ट, अगदी टूथपेस्टसुद्धा, अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, आणि डबा तंबूपासून लांब.

"बॅगेत काही राहिलं नाही ना? प्रॉमिस?"

"नाही गं बाई."

राहिलं होतं. डब्यात प्रीताचा सुका मासा होता, आणि त्याच्याशेजारी देवाचे लाडू कसे ठेवायचे? साजूक तुपातले, नैवेद्याचे. मावशींनी पुडी हळूच तंबूत आपल्या उशाखाली सारली.

चालून दमलेली प्रीता जेवताच तंबूत झोपली. इथला सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. मावशी चिपळ्या घेऊन काठावर जाऊन बसल्या. सहज मान वळवली, तर उतारावरून अस्वल येत होतं. तपकिरी, बैलाएवढं. नाक वर धरून, रेघ ओढल्यासारखं सरळ तंबूकडे.

तूप! मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीच्या डोक्याशी पुडी, मध्ये नुसतं कापड. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मग कीर्तनातले बुवा आठवले. गळा बसला की ते आधी चिपळ्या धरतात; गळा मागून येतो.

मावशींनी चिपळ्या वाजवल्या. "विठ्ठल! विठ्ठल!" गजर निघाला तो फाटक्या आवाजात.

तंबूच्या दारापर्यंत पोचलेलं अस्वल वळलं. दोन पायांवर उभं राहिलं. मग मावशींकडे चालू लागलं.

"मावशी! डोन्ट रन! गात राहा!" प्रीता अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे घेऊन बाहेर आली होती.

"गातेच आहे गं!" मावशी रडत ओरडल्या आणि पुन्हा गजर धरला. लांबून वळसा घालून प्रीता त्यांना येऊन चिकटली. आता एकीच्या दोघी. अस्वल फुसफुसलं, जागीच घुटमळलं, आणि समोरच्या टेकाडावर जाऊन बसलं. तोंड मात्र इकडेच.

मावशींनी तंबूतून पुडी आणून प्रीताच्या हातात ठेवली. "माझ्यामुळे आलं ते."

प्रीताचा चेहरा पांढरा पडला. ती मावशींना घेऊन लांब ठेवलेल्या डब्याकडे गेली. मग डब्याचं झाकण उघडून म्हणाली, "आत फिश आहे. देवाला चालेल?"

"देवाला चालतं गं. मलाच चालत नव्हतं."

त्यांनी स्वतःच्या हातांनी पुडी माशाशेजारी ठेवली. टेकाडावरचं धूड हललं नव्हतं. मावशींनी चिपळ्या प्रीताच्या हातात दिल्या.

"वाजव. विमान येईपर्यंत थांबायचं नाही."