न चढवलेला बावटा

बानय्याने पोचक्काला सगळं खरं सांगून टाकलं.

छे. तसं काही घडलंच नाही असं धरू, आणि चैत्राकडे पाहू.

चैत्र. प्राणहिता रोडावलेली, नीलकृश, रौप्यवाळूच्या अंथरुणावर कुशीवर निजलेली. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणा. मधोमध सीमा, जी पाण्यातून जाते आणि ओली होत नाही. वाळूवर वेलमपेठ गावच्या टरबूजवाड्या: हरितरेषांकित, स्थूलोदर, सूर्याकडे पोट करून पहुडलेली शेकडो टरबुजं.

घाटाच्या बुरुजावर बानय्या. गावाने त्याला एक बांबू, एक लाल बावटा आणि एक काम दिलेलं. वरच्या मुलखात वळीव कोसळून पाणी चढू लागलं, की बावटा चढवायचा. बावटा दिसला, की वाळूवरच्यांनी फळं उचलून वर यायचं. याहून सोपं काम फक्त दगडाला असतं.

गेल्या आठवड्यात त्याला दूरवर काहीतरी कृष्णधूसर, फेनिल, अफाट येताना दिसलं. त्याने बावटा चढवला. चाळीस माणसं टरबुजं डोक्यावर घेऊन धापा टाकत वर आली. मागून आल्या त्या म्हशी. एकोणीस. निवांत पोहत.

"बानय्याभाऊ, आता बेडूक आले तरी कळव हो!"

दोन राज्यं एकदम हसली.

म्हणून आज दुपारी वाऱ्याला मातीचा वास आला, पाणी गढूळलं, गेरूसारखं ताम्र झालं, तेव्हा त्याचा हात दोरीवर गेला आणि थांबला. पुन्हा म्हशी निघाल्या तर? एक बगळा पाय बदलतो, तेवढा वेळ तो थांबला. मग दुसऱ्या बगळ्याएवढा. तोवर लोंढा वाळूवर येऊन पोचला.

माणसं पळाली, वाचली. टरबुजं गेली. पोचक्काची वाडी सगळ्यांत खालची; दोन महिने मडक्यामडक्याने पाजलेली. तिची गोल, हिरवी, निष्पाप फळं डुलत डुलत, रांगेने, कुणालाही न विचारता परराज्यात गेली.

सायंकाळी, केशरी उजेडात, ती घाटावर आली. पदर ओला, कडेवर उरलेलं एकुलतं टरबूज. ते तिने त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घे अण्णा. दिवसभर उन्हात बसलायस. तू तरी काय करणार, नदीच ती."

टरबूज गार होतं. गार, जड, विश्वासाने निजलेलं. बानय्याला ते पेलेना.

"अक्का, मला दिसलं होतं गं. लोक हसतील म्हणून थांबलो."

हसावं, असं त्याला फार वाटलं. तिने हसावं, घाटाने हसावं, दोन्ही राज्यांनी पोट धरून हसावं. कुणी हसलं नाही. पोचक्काने टरबूज उचललं, परत कडेवर घेतलं.

"मला काय सांगतोस? नदीला अर्ज कर."

आणि पायऱ्या चढून गेली.

बानय्या आज्ञाधारक माणूस. पाण्याकडे तोंड करून, जोडल्या हातांत बावट्याची दोरी धरून, त्याने उभ्या उभ्या अर्ज केला:

"मा. प्राणहिता नदी यांस सविनय सादर. आपलं आज दुपारचं आगमन रद्द समजून आपण वरच्या वळणापलीकडे परत जावं, व सवडीने पुन्हा यावं. अर्जदार दोरी हातात धरून उभा आहे. उत्तर येईपर्यंत उभा राहील."