बाबांचा कॉर्निया

नेत्रपेढीतल्या पोरी तिला पाठीमागे 'सबुरीबाई' म्हणत. फ्रिजमधून काढलेली कॉर्नियाची बाटली तासभर बाहेर ठेवल्याशिवाय मायक्रोस्कोपखाली धरायची नाही, गार कॉर्नियातल्या पेशी नीट दिसत नाहीत, हे ती वीस वर्षं सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत आली होती. आज त्याच बाईने बाटली काढली आणि थेट मायक्रोस्कोपखाली ठेवली.

बाटलीत तिच्या सासऱ्यांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा होता. बाबा काल सकाळी गेले. नेत्रदानाचं तिने काढलं तेव्हा दीर भडकला होता. "मेल्यावर तरी माणसाला धड राहू दे ना, वहिनी." सासूबाईंनी त्याला गप्प केलं, आणि मग हिलाच विचारलं, "कुणाच्या उपयोगी पडतील ना गं?" ही छातीठोकपणे हो म्हणून मोकळी झाली. आता सासूबाई कागदांवर सह्या करून बाहेर बाकावर बसल्या होत्या. निकाल ऐकल्याशिवाय हलायची त्यांची तयारी नव्हती.

स्क्रीनवर नुसतं राखाडी धुकं होतं. तिने फोकस मागेपुढे केला, प्रकाश वाढवला, कमी केला. छे. अडुसष्ट वर्षांचं वय, त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. चौरस मिलिमीटरमागे पेशी दोन हजारांच्या खाली गेल्या की कॉर्निया बाद. इथे तर एकही दिसेना. दिराचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तिने जड हाताने 'अपात्र' लिहायला घेतलं आणि बाटली बाजूला करायला उचलली. बोटांना बाटली गारढोण लागली.

तिने कपाळावर हात मारला. सबुरीबाई म्हणे!

तो तास काही केल्या सरेना. तिने टेबल दोनदा पुसलं. मग बाटली पुन्हा ठेवली.

साध्या मायक्रोस्कोपमध्ये प्रकाश वस्तूतून आरपार येतो. हा मायक्रोस्कोप प्रकाश तिरका सोडतो आणि परत उलटून आलेला पकडतो, म्हणून काचेसारख्या पडद्यातलंही दिसतं. आणि दिसलं. धुक्यातून एक कड उमटली, मग दुसरी, मग एकाला एक खेटून षटकोनच षटकोन, स्क्रीनभर. हजारो कॉर्निया पाहिलेली ती बाई तोंडात बोट घालून बघत राहिली. माणूस काल गेला होता आणि हे सगळं जिवंत होतं. तिने मोजलं, डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. दोन हजार तीनशे.

नियमात बसत नव्हतं, तरी डॉक्टरांना विचारून तिने सासूबाईंना आत आणलं.

"हे ते?" सासूबाईंनी चष्मा सावरला.

"हो, आई. ह्या पेशी नव्या होत नाहीत. जन्मताना आल्या त्याच शेवटपर्यंत. काही गळतात, मग उरलेल्या पसरून त्यांची जागा भरतात."

"नवीन एकही नाही?"

"एकही नाही."

सासूबाई स्क्रीनच्या जवळ सरकल्या. मग स्क्रीनकडे बघतच हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मला पहिल्यांदा पाहिलं, ते यांच्यातूनच."

सुनेने 'अपात्र' खोडलं, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे नवीन शब्द लिहायला तिला जरा थांबावं लागलं.